हिमाचे वजन आणि नदीचे भाकीत : सिएरा नेवाडातील हिममापनाचा इतिहास

१

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या नद्यांचा बर्फाशी काही संबंध येत नाही. कृष्णा, भीमा किंवा गोदावरी यांना येणारे पाणी आषाढ-श्रावणातील पावसाचे असते, आणि तो पाऊस प्रत्यक्ष पडल्यावाचून त्या वर्षी धरणे किती भरतील हे निश्चयाने सांगता येत नाही. ज्या नद्या हिमाच्छादित पर्वतांतून निघतात त्यांची स्थिती निराळी आहे. तेथे हिवाळ्यात पडलेले पाणी बर्फाच्या रूपाने डोंगरावर साठून राहते आणि चैत्र-वैशाखापासून हळूहळू वितळून खाली येते. पाणी पडणे आणि पाणी वाहणे या दोन घटनांमध्ये काही महिन्यांचे अंतर असते. हे अंतर म्हणजे निसर्गाने मनुष्याला दिलेली एक मुदतच होय. डोंगरावरील साठा वेळीच मोजता आला, तर उन्हाळ्यात नदी किती देणार आहे याचा हिशेब शेतकऱ्याला पेरणीपूर्वी आणि धरणाच्या अधिकाऱ्याला दरवाजे उघडण्यापूर्वी मांडता येईल.

ही कल्पना आज अगदी सरळ वाटते. तथापि तिला व्यवहार्य रूप येण्यास विसाव्या शतकाचा आरंभ उजाडावा लागला, आणि ते रूप देणारा मनुष्य स्थापत्यविशारद नव्हता की हवामानशास्त्रज्ञही नव्हता. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठात तो लॅटिन भाषा शिकवीत असे. जेम्स एडवर्ड चर्च (१८६९–१९५९) यांनी सिएरा नेवाडा पर्वतात सुरू केलेल्या या कार्याचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. नदीचे भाकीत बर्फाच्या मापावर जितके अवलंबून आहे, तितकेच, किंबहुना अधिक, ते मागील वर्षांच्या नोंदींवर अवलंबून आहे. या शास्त्राचे सामर्थ्य त्यातच आहे आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे.

२

कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२२५ फुटांवर, ताहो सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस मैल असून त्यातून बाहेर पडणारी नदी एकच, ती ट्रकी. ही नदी रेनो शहरातून वाळवंटी प्रदेशात उतरते आणि समुद्राला न मिळता पिरॅमिड नावाच्या सरोवरात विलीन होते. ताहोच्या मुखाशी बंधारा असल्याने सरोवराच्या वरच्या सहा फूट पाण्याची साठवण मनुष्याच्या हाती आली. सहा फूट हे माप लहान दिसते. परंतु सरोवराचा विस्तार ध्यानात घेता एवढ्या थरात सात लाख एकर-फुटांहून अधिक पाणी मावते. खालचा सारा प्रदेश कोरडा असल्याने या थरासाठी भांडणे होणे अपरिहार्य होते.

भांडणाचे पक्ष अनेक होते. ट्रकीच्या उतारावर वीज निर्माण करणाऱ्या कंपनीला वर्षभर एकसारखा प्रवाह हवा होता. १९०२ च्या जमीनसुधारणा कायद्यान्वये नेवाडात संघराज्य सरकारने मोठी कालवायोजना हाती घेतली होती. तिच्यावरील शेतकऱ्यांना पाणी उन्हाळ्यात हवे होते. सरोवराच्या काठावर ज्यांची घरे व धक्के होते त्यांना पातळी फार चढलेलीही नको होती आणि फार उतरलेलीही नको होती. वसंतात सरोवर काठोकाठ ठेवावे, तर पुढे बर्फ वेगाने वितळून काठ बुडण्याची भीती. आधीच पाणी सोडून द्यावे, तर बर्फ कमी निघाल्यास उन्हाळ्यात टंचाईची भीती. प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा अंदाज बांधीत असे. डोंगरावर खरोखर किती पाणी आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

चर्च यांचा या वादाशी आरंभी काही संबंध नव्हता. मिशिगनमध्ये जन्मून तेथेच शिक्षण घेतल्यावर ते १८९२ साली रेनो येथे अध्यापक म्हणून आले, आणि पुढे १९०१ साली म्यूनिक येथे त्यांनी पीएच.डी. मिळविली. त्यांना डोंगर चढण्याचा, विशेषतः हिवाळ्यात चढण्याचा, छंद होता. १८९५ च्या हिवाळ्यात ते रेनोच्या नैर्ऋत्येस असलेल्या माउंट रोझ या शिखरावर चढून गेले. दहा हजार सातशे फुटांहून उंच असलेल्या त्या शिखरावर पुढे १९०५–०६ च्या सुमारास त्यांनी एक लहानशी वेधशाळा उभारली. या वेधशाळेचा प्रारंभीचा हेतू उंचावरील हवामानाची नोंद घेणे हा होता. परंतु हिवाळ्यामागून हिवाळे डोंगरावर काढणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीस आणखी एक प्रश्न पडणे स्वाभाविक होते : जंगलाचा बर्फावर काय परिणाम होतो? त्या काळी अमेरिकेत वनसंरक्षणाची चळवळ जोरात होती आणि झाडे बर्फ राखतात असे सर्वत्र बोलले जाई. चर्च यांनी ते मोजून पाहण्याचे ठरविले. दाट झाडीत पुष्कळसा बर्फ फांद्यांवरच अडकतो आणि तेथूनच हवेत जातो. उघड्या माळावर तो वाऱ्याने उडतो व उन्हाने लवकर वितळतो. उलट झाडीमध्ये मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे लहान-लहान मोकळ्या जागा असल्या तर तेथे बर्फ सर्वांत अधिक साठतो आणि सर्वांत उशिरापर्यंत टिकतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. नदीच्या भाकिताकडे ते या वाटेने आले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. जंगलाच्या प्रश्नासाठी त्यांना बर्फ मोजण्याचे विश्वसनीय साधन बनवावे लागले, आणि ते साधन हाती आल्यावर नदीचा प्रश्न आपोआप समोर उभा राहिला.

३

बर्फ मोजणे म्हणजे त्याची खोली मोजणे नव्हे. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ दहा इंच असेल तर त्यात पाणी सुमारे एक इंचच असते. तोच बर्फ हिवाळाभर दाबला जाऊन, अंशतः वितळून व पुन्हा गोठून वसंतापर्यंत इतका घट्ट होतो की दहा इंचांत तीन ते पाच इंच पाणी निघते. म्हणून खोलीवरून केलेला हिशेब अत्यंत फसवा ठरतो. पर्जन्यमापकाचाही येथे उपयोग होत नाही, कारण वाऱ्याबरोबर तिरपे येणारे हिमकण त्याच्या तोंडावरून उडून जातात. बर्फाचा उभा छेद घेऊन त्याचे वजन करणे हाच खात्रीचा मार्ग होता. अमेरिकेच्या पूर्व भागात, मेन व न्यूयॉर्क या राज्यांत, चार्ल्स मिक्सर आणि रॉबर्ट हॉर्टन यांनी १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशा प्रकारचे प्रयत्न केले होते. परंतु तेथील बर्फ उथळ असे. सिएरातील दहा-पंधरा फूट खोल, मधूनमधून कठीण थर असलेल्या बर्फात ती साधने चालण्याजोगी नव्हती.

चर्च यांनी १९०८–०९ च्या सुमारास तयार केलेले साधन पुढे माउंट रोझ नळी या नावाने प्रसिद्ध झाले. पोलादी नळीचे तुकडे एकमेकांना जोडून ती हवी तेवढी लांब करता येई. खालच्या टोकाला करवतीसारखे दाते असल्याने ती फिरवीत दाबली की बर्फाचे कठीण थरही कापीत जमिनीपर्यंत पोचे. नंतर आतल्या बर्फासह नळी काट्याला लावून तिचे वजन करावयाचे आणि त्यातून रिकाम्या नळीचे वजन वजा करावयाचे. या नळीच्या परंपरेत पुढे जे प्रमाणभूत साधन रूढ झाले त्यात मुखाचा व्यास १.४८५ इंच ठेवलेला असतो. हा आकडा सहज ठरलेला नाही. या व्यासाच्या नळीत एक इंच उंचीचे पाणी बरोबर एक औंस भरते. त्यामुळे काट्यावर जितके औंस दिसतील तितके इंच पाणी, असा हिशेब जागच्या जागी होतो. बोटे गोठविणाऱ्या थंडीत गुणाकार-भागाकार करण्याचे काम राहत नाही.

परंतु साधनापेक्षाही अधिक महत्त्वाची होती ती चर्च यांची पद्धती. एका नळीने एका ठिकाणचा बर्फ मोजला, तरी शेकडो चौरस मैलांच्या खोऱ्यातील एकूण बर्फ कसा काढावयाचा? दऱ्या, कडे, उतार, झाडी आणि वारा यांमुळे बर्फाचा थर दर पावलाला बदलतो. अभियंत्याची स्वाभाविक प्रवृत्ती साऱ्या खोऱ्याचे घनफळ काढण्याची होती, आणि ते काम जवळजवळ अशक्य होते. चर्च यांनी प्रश्नच बदलला. काही निवडक, वाऱ्यापासून सुरक्षित अशा मापनरेषा एकदा कायमच्या आखून घ्याव्यात, दरवर्षी त्याच रेषांवर ठरलेल्या अंतरावर नळी घालावी, आणि तेथे आढळलेले पाणी मागील वर्षांच्या सरासरीच्या शेकडा किती आहे एवढेच पाहावे. मापनरेषांवरील पाणी सरासरीच्या शेकडा ८० असेल तर नदीलाही सरासरीच्या सुमारे शेकडा ८० पाणी येईल. डोंगरावर एकूण किती बर्फ आहे हे जाणण्याची यात गरजच उरत नाही. यंदाचा डोंगर मागच्या डोंगरांशी ताडून पाहिला की पुरते. शेकडेवारीची पद्धती या नावाने ती ओळखली गेली.

या पद्धतीमागील विचार एका भाषाभ्यासकाला सुचावा, यात फारसे आश्चर्य नाही. जुन्या ग्रंथाचा अभ्यासक सगळे वाङ्मय हाती असल्याखेरीज काही बोलणार नाही असे म्हणू शकत नाही. जे निवडक अवशेष उपलब्ध असतात त्यांची परस्परांशी तुलना करूनच त्याला अनुमान करावे लागते. १९१०–११ च्या सुमारास चर्च यांनी ताहो सरोवराची पातळी वसंतात किती चढेल याचे भाकीत हिममापनावरून करण्यास आरंभ केला. त्यांच्या आकड्यांमुळे बंधाऱ्यातून केव्हा व किती पाणी सोडावे हे आधी ठरविता येऊ लागले, आणि परस्परांवर अविश्वास असलेल्या पक्षांना वाटाघाटींसाठी एक समान आधार मिळाला. ताहोचा वाद पुढेही न्यायालयांत चालला. सरोवराच्या पातळीची कमाल मर्यादा ६,२२९.१ फूट ही १९३५ च्या करारात निश्चित झाली. परंतु पाणी किती येणार हा प्रश्न ज्याच्या-त्याच्या सोयीच्या मताचा न राहता मापनाचा झाला, हा मोठाच पालट होय.

४

या पद्धतीचा प्रसार प्रथम सावकाश आणि नंतर झपाट्याने झाला. यूटामध्ये जॉर्ज क्लाइड यांनी १९२० नंतरच्या दशकात नळी हलकी व सुटसुटीत करून मापनाचे जाळे विणले. हेच क्लाइड पुढे त्या राज्याचे राज्यपाल झाले. कॅलिफोर्नियाने १९२९ साली राज्यभर सहकारी तत्त्वावर हिममापन सुरू केले. १९३३ साली रेनो येथे पश्चिमेकडील राज्यांच्या हिममापकांची परिषद भरली. १९३४ च्या भीषण अवर्षणानंतर संघराज्य सरकारने १९३५ पासून हे कार्य आपल्याकडे घेतले आणि १९३९ साली ते मृदासंधारण खात्याकडे सोपविले. १ एप्रिलच्या सुमाराचे मापन सर्वांत महत्त्वाचे मानले जाऊ लागले, कारण त्या सुमारास पश्चिमेकडील पर्वतांवर साठा सामान्यतः परमावधीस पोचलेला असतो. १९७० नंतरच्या दशकात बर्फाचे वजन आपोआप तोलून रेडिओने कळविणारी केंद्रे उभी राहू लागली. नळी घेऊन बर्फावरून चालत जाणाऱ्या मापकाची आवश्यकता मात्र त्यानंतरही संपली नाही. यंत्राची पारख करण्यास जुन्या रेषांवरील मापेच लागतात.

आकड्यावर जसजसा विश्वास बसत गेला तसतसा तो चुकल्यास होणारा अनर्थही वाढला. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात १९७७ साली बर्फ अत्यंत कमी पडला होता. ज्यांचे पाण्याचे हक्क नंतरच्या काळातील होते अशा शेतकऱ्यांना त्यांच्या वाट्याच्या शेकडा ६ एवढेच पाणी मिळेल, असे संघराज्याच्या जमीनसुधारणा खात्याने त्या वर्षी जाहीर केले. शेतकऱ्यांनी विहिरी खणल्या आणि मिळेल त्या भावाने पाणी विकत घेतले. पुढे उन्हाळ्यात प्रत्यक्षात पाणी त्याच्या कितीतरी पट मिळाले. शेतांतून पाझरून नदीत परत येणारे पाणी हिशेबात नीट धरले गेले नव्हते. अनावश्यक खर्चात उतरलेल्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. कोलोरॅडो नदीवर १९८३ साली याच्या उलट घडले. वसंताच्या अखेरीस बर्फ पडत राहिला, पाठोपाठ एकाएकी उष्णता आली, आणि आधीच भरलेल्या ग्लेन कॅन्यन धरणात अपेक्षेपेक्षा फार मोठा लोंढा आला. सांडव्याच्या बोगद्यांची हानी झाली, आणि दरवाजांवर लाकडी फळ्या ठोकून पातळी सांभाळण्याची पाळी आली. १ एप्रिलचा बर्फ मोजता येतो; मे महिन्याचे हवामान मोजता येत नाही.

याहून सूक्ष्म असा दोष निराळाच आहे. समान आकड्याने न्याय होतो तो ज्यांना वाटाघाटींत स्थान आहे त्यांच्यापुरताच. ट्रकी नदीच्या शेवटी, पिरॅमिड सरोवराच्या काठी, पायूट जमातीचे लोक पिढ्यानपिढ्या मासेमारीवर जगत आले होते. १९०५ साली पुरा झालेल्या डर्बी बंधाऱ्याने नदीचे पुष्कळसे पाणी कालव्याकडे वळविले. शेजारचे विनेमका सरोवर १९४० पूर्वीच आटून गेले. पिरॅमिडची पातळी १९६७ पर्यंत सुमारे ८० फूट खाली गेली आणि तेथील मूळचा ट्राउट मासा नष्ट झाला. १९४४ च्या निवाड्यात जमातीचा शेतीसाठीचा पाण्याचा हक्क मान्य झाला, परंतु माशांसाठी नदीत पाणी राहिले पाहिजे ही गोष्ट विचारात घेतली गेली नाही. नदीत किती पाणी येणार हे त्या सबंध काळात दरवर्षी आधी ठाऊक होते. ते कोणासाठी राखावयाचे याचे उत्तर हिममापनात नव्हते. माशांच्या व सरोवराच्या गरजा धरून नदीचा कारभार चालविण्याचा नवा करार २००८ साली झाला व तो २०१५ पासून अमलात आला.

५

हिमावरून पुढील पाण्याचे अनुमान करण्याची दुसरी एक परंपरा याहून जुनी असून तिचा संबंध भारताशी, आणि पुढे पुण्याशी, आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनची जी हानी झाली तिच्यामुळे पावसाचा अंदाज आधी सांगता येईल काय, हा प्रश्न सरकारपुढे आला. हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली हिमालयातील बर्फ आणि भारतातील कोरडी वर्षे यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. हिमालयात, विशेषतः पश्चिमेकडे, वसंतात बर्फ अधिक असला तर पुढील पावसाळा दुबळा जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या आधारे प्रायोगिक अंदाज केले गेले आणि १८८६ पासून नियमित अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. गिल्बर्ट वॉकर यांनी १९०४ नंतर या कामास संख्याशास्त्राची जोड दिली आणि मे अखेरचा हिमालयातील हिमसंचय हा आपल्या सूत्रातील एक घटक ठेवला. खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले.

दोन्ही परंपरांत बर्फ मोजून पुढचे सांगितले जाते, पण त्यांच्यातील भेद मूलगामी आहे. चर्च यांचा बर्फ स्वतःच नदी होतो. कारण आणि कार्य एकाच द्रव्याची दोन रूपे आहेत. ब्लॅनफर्ड यांचा बर्फ दूरच्या वाऱ्यांवर परिणाम करतो, आणि तो परिणाम इतर अनेक कारणांत मिसळून जातो. म्हणूनच पुढील काळात हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध पहिल्याइतका दृढ राहिला नाही. १९७६ साली उपग्रहांच्या चित्रांवरून युरोप-आशियातील बर्फाचा विस्तार व मोसमी पाऊस यांचा संबंध पुन्हा मांडण्यात आला. त्यावरील संशोधन चालू आहे. मागील नोंदींतून काढलेला संबंध कायम टिकेलच असे नाही, हा धडा मात्र भारतीय हवामानशास्त्राने फार लवकर घेतला.

चर्च स्वतः १९४७ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, भारत सरकारच्या निमंत्रणावरून हिमालयातील हिममापनाच्या कामासाठी भारतात आले होते. परंतु सिएरातील पद्धती हिमालयात जशीच्या तशी लागू करणे सोपे नव्हते. पुष्कळसे खोरे अगम्य उंचीवर, काही भाग सीमेपलीकडे, आणि तुलनेसाठी लागणाऱ्या जुन्या नोंदी जवळजवळ नाहीत, अशी तेथील स्थिती होती. म्हणून येथे पुढे निराळा मार्ग पत्करण्यात आला. १९८० नंतरच्या दशकात हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रहचित्रांवरून बर्फाखालील क्षेत्र मोजून, भाक्रा येथे सतलजला उन्हाळ्यात येणाऱ्या पाण्याचे अंदाज देण्यास प्रारंभ केला. बर्फाची खोली किंवा वजन उपग्रहचित्रात दिसत नाही. परंतु वसंतात किती भूमी बर्फाखाली आहे आणि नदीला पुढे किती पाणी येते यांच्या तुलनेवर चर्च यांचेच तत्त्व निराळ्या साधनाने चालविलेले दिसते.

६

सरासरीशी तुलना हा या पद्धतीचा प्राण आहे, हे वर सांगितलेच आहे. ती सरासरी कोणत्या वर्षांची, हा प्रश्न बराच काळ गौण मानला गेला. कोलोरॅडो नदीच्या पाण्याची वाटणी करणारा १९२२ चा करार ज्या वर्षांच्या प्रवाहावर आधारला होता ती वर्षे अपवादात्मक ओली होती, हे पुढे वृक्षांच्या वलयांच्या अभ्यासातून १९७६ साली दिसून आले. तोपर्यंत सात राज्यांचे हक्क, शहरे आणि कालवे त्या सरासरीवर उभे राहिले होते. आता सरासरी स्वतःच सरकत आहे. १ एप्रिल २०१५ रोजी सिएरा नेवाडातील बर्फाचे पाणी सरासरीच्या अवघे शेकडा ५ भरले. त्या दिवशी मापनरेषेवर गवत उघडे होते. २०२१ साली बर्फ त्या मानाने बराच असूनही अंदाजापेक्षा पुष्कळच कमी पाणी नद्यांना मिळाले, कारण तहानलेल्या जमिनीने आणि उष्ण हवेने त्यातील मोठा वाटा घेतला. बर्फ शेकडा अमुक, म्हणून नदी शेकडा अमुक, हे जुने समीकरण अशा वर्षी टिकत नाही.

म्हणून आता मूळचा प्रश्न पुन्हा विचारला जात आहे. १९१० साली जे अशक्य म्हणून बाजूस ठेवले होते ते, म्हणजे साऱ्या खोऱ्यातील बर्फाचे प्रत्यक्ष माप, २०१३ पासून कॅलिफोर्नियातील ट्युओलम्नी खोऱ्यात विमानातून प्रकाशकिरण टाकून घेतले जाऊ लागले. भूतकाळाशी तुलना न करताही पाण्याचा साठा किती हे त्यामुळे बरेचसे सांगता येते. तथापि त्या पाण्यापैकी किती जमिनीत मुरेल, किती उडून जाईल आणि किती नदीपर्यंत पोचेल हे सांगण्यास नोंदींचाच आश्रय घ्यावा लागतो.

या इतिहासाचा आढावा घेतला असता चर्च यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. परस्परविरोधी हितसंबंधांच्या लोकांनी एकाच मापावर विश्वास ठेवावा, यासाठी ते माप कोणालाही पडताळून पाहता येईल असे साधे असावे लागते. एक नळी, एक काटा आणि दरवर्षी त्याच जागी जाण्याची चिकाटी यांतून त्यांनी ते साधले. ज्या नोंदींवर आज शंका घेतली जाते त्याच नोंदींमुळे हवामान बदलत आहे हेही सिद्ध करता येते. एकाच रेषेवर शंभर वर्षे घेतलेली मापे जेव्हा भविष्य सांगण्यास अपुरी पडू लागतात, तेव्हाही काय पालटले याची साक्ष तीच देतात. हिमालयात अशा दीर्घ रेषा फार थोड्या आहेत. सिंधू, सतलज व गंगा यांच्या पाण्यावर जगणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या दृष्टीने ही उणीव साधनांच्या उणिवेहून अधिक गंभीर आहे. कारण साधन विकत घेता येते, गेलेल्या वर्षांची मापे मात्र मागाहून घेता येत नाहीत.